काशीरामने नळी कशी निवडली

भांडुपला आमच्या शेजारी काशीराम गावडे राहायचा. मूळचा कुडाळकडचा, गिरणीत साच्यावर कामाला. डोंगराच्या पायथ्याशी वीस गुंठ्यांत रताळी लावायचा, आणि रताळी लावली की रानडुकरं आलीच. त्यांच्यासाठी परवान्याची ठासणीची बंदूक होती. तिचा एक बार उडाला की पुन्हा दारू ठासेपर्यंत माणूस रिकामा.

रान उठवून डुकरं बाहेर काढणाऱ्या आमच्या हाकेवाल्यांचा एक नियम होता. ज्याच्या बाराने डुक्कर जखमी झालं, त्यानेच जाळीत शिरून ते संपवायचं. पंचावन्न साली काशीराम असाच करवंदीत शिरला आणि डुकराने त्याची मांडी फाडली. सतरा टाके पडले. दवाखान्यात त्याचा हात धरून मीच बसलो होतो. ओरडलो तो मीच, काशीराम नाही.

पुढच्या हंगामातही जाळीत शिरावं लागणार, म्हणून त्याने रिव्हॉल्व्हरचा परवाना काढला. फोर्टातल्या दुकानात पंचेचाळीस बोअरची दोन जुनी होती. एकाची नळी साडेसात इंच, दुसऱ्याची पावणेपाच. परवान्यावर एकच नंबर चढणार, आणि चढला की बदल नाही. दुकानदाराने चांदमारीवर दोन्ही उडवायला दिली. वीस पावलांवर डब्याचं झाकण. लांब नळीने सहातले पाच बार लागले, आखूडने एक. आखूड दणका असा द्यायची की नळी आभाळाकडे.

"मग लांबच घे ना रे," मी म्हटलं.

"थांब. नेम मैदानात बघलंय, डुक्कर जाळीत आसता."

त्याने सुताराकडून त्याच मापाची दोन लाकडी रिव्हॉल्व्हरं करून घेतली आणि रविवारी डोंगरावर गेला. मी घड्याळ घेऊन बसलो. अहो, चाळीस वर्षांचा बाप्या करवंदीत रांगतोय आणि लाकूड उपसतोय. गुरं राखणाऱ्या बायका गुरं सोडून बघत राहिल्या. आखूड लाकूड चटकन हातात यायचं. लांब मात्र दर वेळी काट्यात अडकायचं. दहा वेळा केलं, दहाही वेळा तेच.

संध्याकाळी ओटीवर बसून तो म्हणाला, "आखूडच घेतंय. लागला नाय तरी हातात तरी येयत."

"हातात घेऊन काय डुकराला दाखवणार?" मी म्हटलं. तो हसला नाही. मांडी चोळत बसला.

काशीरामची बायको, रत्नप्रभावहिनी, तिथेच तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं. "बघू, खंय लावलंस ता?"

काशीराम उठून पाठमोरा झाला. कंबरेला मागे लाकडी आकडी बांधलेली, कोयता अडकवतात ती. तिच्यातच हे लोंबत होतं.

"तो काय कोयतो आसा, पाठीक लावूक?" वहिनी म्हणाल्या. "रांगताना पाठ वर, काटे वर. हात मागे जायत कसो?"

बाप, आजा, सगळे तिथेच कोयता लावत आलेले, आणि दिवसभरात दुसरी जागा आम्हा दोघांच्या डोक्यात आली नव्हती. वहिनींनी जुन्या खाकी चड्डीचं म्यान शिवलं, पट्टा खांद्यावरून तिरका घेतला आणि लांब लाकूड त्याच्या छातीवर बांधलं. दुसऱ्या रविवारी काशीराम पुन्हा रांगला. दहातल्या दहा वेळा लांब नळी हातात आली, तीही पुढे तोंड करून. मंगळवारी परवान्यावर साडेसात इंचीचा नंबर चढला.

माघात काशीरामच्या बाराने एक दांडगा एकुलगा, कळप सोडून एकटा फिरणारा नर, जखमी होऊन जाळीत शिरला. नियमाप्रमाणे काशीराम त्याच्या मागे. आम्ही बाहेर उभे. पाला हलला, थांबला. मग एक बार झाला, आणि दुसरा झालाच नाही.

थोड्या वेळाने तो रांगत बाहेर आला. मी आधी मांडीकडे बघितलं. धडधाकट होती. खांदा चोळत तो मला म्हणाला, "घराकडे जाऊन तुझ्या वहिनीक सांग, पट्टो दोन बोटां वर घेवक होयो."