काठावरची माकडं

सोनेरी सर लग्नपत्रिका हातात घेत, तेव्हा आधी तिचा काठ पाहत. वधूवरांची नावं, तिथी, वेळ यांत त्यांना गोडी नसे. या नादात ते आमच्या मुख्याध्यापकांच्या मुलीच्या लग्नाला दुसऱ्या दिवशी पोचले आणि मांडवाचे बांबू सोडताना पाहून परत आले. शिवाय म्हणाले, "पत्रिकेवरची वेल मात्र सुरेख होती."

सिंदीच्या आमच्या शाळेत ते चित्रकला शिकवत. नखांत कायम सोनेरी रंग, म्हणून हे नाव. नागपूरच्या पलीकडे कधी गेले नाहीत, पण बोलत फ्रान्सचं. तिथल्या पाच-सहाशे वर्षांपूर्वीच्या एका प्रार्थनापोथीची पानं त्यांना मोबाइलवर सापडली होती. मध्ये मेरीमाता, मागे सोन्याचा वर्ख आणि काठावर वेलीला लटकलेली माकडं. स्टाफरूममध्ये चहा येईपर्यंत आणि चहा संपल्यावरही ते ती पानं दाखवत. देवाच्या पोथीत माकडं कशाला, असं मी विचारलं, तर म्हणाले, "मधात देव, काठावर आपण. त्या चितारणाऱ्यायले माहीत होतं."

संस्थेचे अध्यक्ष कापसाचे व्यापारी. त्यांनी एक पान पाहिलं आणि हरखले. पोथी करवून घेणारा सरदार त्यात मेरीमातेजवळ गुडघे टेकून, हात जोडून बसला होता. शाळेच्या नव्या प्रार्थनापुस्तिकेत सरस्वतीजवळ आपणही हवेत, असं त्यांनी ठरवलं. सरांनी त्यांना तसंच रंगवलं. कच्चं चित्र पाहून अध्यक्ष म्हणाले, "सर, मले गुडघ्यावर काऊन बसवलं?"

"भाऊसाहेब, उभा माणूस प्रार्थना नाई करत, भाषण करते."

तरी अध्यक्षांना खुर्ची मिळालीच, सरस्वतीच्या आसनापेक्षा थोडी उंच. सरांनी वाद घातला नाही. पुस्तिका छापून आली, तेव्हा काठाच्या सोनेरी वेलीत अकरा माकडं अध्यक्षांकडे बघून टाळ्या वाजवत होती. एकाला मुख्याध्यापकांचा जाड चष्मा होता. एकाच्या कानामागे माझं लाल पेन. अध्यक्ष स्वतःचा चेहरा पाहण्यात इतके गुंग, की त्यांना माकडं दिसलीच नाहीत. पोरांना पहिल्याच प्रार्थनेला दिसली.

आम्ही सगळ्या शिक्षकांनी मिळून माकडांबद्दल अध्यक्षांकडे तक्रार केली. मजकूर माझा, त्यामुळे शुद्धलेखन निर्दोष होतं. सरांची बदली अल्लीपूरच्या शाखेत झाली. निवृत्तीला एकच वर्ष उरलं होतं.

निघताना ते माझ्याशी बोलणार नाहीत असं वाटलं होतं. पण ते थांबले, रंगांची पेटी खाली ठेवली. आवाजात राग नव्हता, तेच जास्त लागलं.

"एकाही माकडाखाली म्या नाव नव्हतं लिहिलं, सर. तुम्ही साऱ्यायनं आपापलं माकड ओळखलं कसं?"