चष्मा काढून काढलेला फोटो

नोकरीला लागून मला दोन वर्षं झाली तेव्हा वरून हुकूम आला, की प्रत्येक उपकेंद्राच्या दाराशी तिथल्या नर्सबाईचा फोटो लावायचा. म्हणजे गावातल्या बायांना आपली बाई कोण ते ओळखू येईल. मला हसूच आलं. आलापल्लीच्या पुढची जंगलातली आठ गावं माझ्याकडे होती. सायकल, खांद्याला औषधांची थैली, जाड भिंगाचा चष्मा, तेल चोपडून घातलेली एक वेणी आणि वर खोचलेली साडी. मला ओळखत नव्हतं कोण? गावातली कुत्रीसुद्धा माझ्यावर भुंकायची थांबली होती. पण साहेबाला हे सांगणार कोण! महिन्याच्या आत फोटो पाहिजे म्हणजे पाहिजे.

त्या दिवसांत माझा जीव एका बाईत अडकला होता. नाल्यापलीकडच्या गावातली ती, तिसऱ्यांदा पोटुशी. आधीची दोन्ही बाळं घरीच जन्मली आणि घरीच गेली. तिच्या गावातलं कोणी बाळंतपणाला उपकेंद्रात येत नसे. पाच महिने मी तिच्या अंगणात जाऊन बसले, तेव्हा कुठे ती एकदाची म्हणाली, "तू असशील तं येईन." दुसऱ्या कोणाला ती हात लावू देणार नव्हती.

तर फोटो. युनिफॉर्मची पांढरी साडी नेसावी, प्रश्नच मिटला, असं मला वाटलं. मी जिच्या घरी भाड्यानं राहत होते, पुढच्या खोलीत उपकेंद्र आणि मागच्या खोलीत मी, ती धानाच्या शेतीवाल्याची बायको. तिनं कपाळावर हात मारला. बिनलग्नाच्या पोरीनं पांढऱ्यात फोटो काढायचा नसतो म्हणे, आणि कुंकू नसेल तर मुळीच नाही. आम्ही बुद्धाची माणसं, आमच्याकडे लग्नच पांढऱ्या साडीत लागतं. तरी मनात किडा वळवळलाच. म्हणून माझ्या गावी, माजरीला, आईला पत्र टाकलं. आईचं उत्तर आलं, पांढरीच नेस, त्यात लाजायचं काय. खाली आणखी दोन ओळी होत्या, की एक कॉपी जास्तीची काढ, स्थळांना दाखवायला होईल, त्यासाठी गुलाबी बरी. आता घ्या! एका फोटोत दोन साड्या नेसायच्या कशा, ते काही आईनं लिहिलं नव्हतं. ऐकावं जनाचं, करावं मनाचं म्हणतात, पण माझं मन काय म्हणतंय तेच मला कळेना.

शेवटी तीन साड्या पिशवीत कोंबून एसटीनं आलापल्ली गाठली. पांढरी, गुलाबी आणि रोजची निळी. एक ना धड, भाराभर चिंध्या.

स्टुडिओवाल्या भाऊनं पांढरी पाहिल्याबरोबर बाजूला सारली. लाइट पडला की साडीच चमकेल आणि तोंड काळं येईल, असं त्याचं म्हणणं. गुलाबीवर तो म्हणाला, फोटो ब्लॅक अँड व्हाइट आहे बाई, गुलाबी काय नि मातकट काय. त्या गुलाबीपायी मी आठ दिवस डोकं शिणवलं होतं! निळी चुरगळलेली होती. मग त्यानं आतून त्याच्या बायकोची मोठ्या फुलांची साडी आणली. मागोमाग बायकोही आली. तिनं माझी वेणी सोडली, केस खांद्यावर घेतले, कानामागे कागदाचं फूल खोचलं, पावडर थापली. मी पुतळ्यासारखी बसून राहिले. पांढरीतली, गुलाबीतली, निळीतली, फुलांतली, एवढ्या सगळ्या बायकांतून मी नक्की कोणती, हे विचारायचं सुचलंच नाही. शेवटी तो म्हणाला, "चष्मा काढा. काचेत बल्ब दिसून राह्यला."

चष्मा काढल्यावर मला दोन हातांवरचं दिसत नाही. तो म्हणाला, इकडे पाहा. मी म्हटलं, कुठं? तो म्हणाला, हसा. मी अंदाजानंच हसले.

फोटो मात्र काय आला होता! स्पष्टच सांगते, मी भाळले. मला तोवर कोणी देखणी म्हटलं नव्हतं. एक कॉपी आईला पाठवली, दुसरी मोठी करून, फ्रेम घालून उपकेंद्राच्या दाराशी लावली.

त्यानंतरच्या मंगळवारी तपासणीला बाया आल्या, दाराशी थांबल्या, आपसांत कुजबुजल्या आणि परत गेल्या. पुढच्या मंगळवारी दोघीच आल्या, त्याही बाहेरूनच फिरल्या. मला काही समजेना. कोणाला सुई जास्त टोचली का, काही वेडंवाकडं बोलले का? सायकल काढली आणि सरळ नाल्यापलीकडे गेले. ती सुपात तांदूळ पाखडत होती. नववा लागला होता. माझ्याकडे पाहिलंही नाही.

"तुयी बदली झाली, तं सांगून काऊन नाई गेली?"

नवीन बाईचा फोटो तिनं स्वतः पाहिला होता म्हणे. मी सांगितलं, अगं, ती मीच. तिनं मला वरून खालपर्यंत न्याहाळलं आणि खोटं बोलणाऱ्या पोराला हसावं तशी हसली. ती फूलवाली तर समोरच्या माणसाकडे बघतसुद्धा नाही, तिला मी पोट दाखवणार नाही, घरीच बाळंत होईन, असं म्हणून ती पुन्हा पाखडायला लागली.

शहाण्या माणसानं परत आल्याबरोबर तो फोटो उतरवला असता. मीही स्टूल घेतलं, खिळ्यापर्यंत हात नेला. साहेब तपासायला येणार आहेत, असं मनाला सांगितलं आणि खाली उतरले. खरं कारण ते नव्हतं. मला ती फोटोतली बाई आवडत होती. आजही हे आठवलं की माझा मलाच राग येतो.

आठवड्यानं, रविवारी सकाळी, मी नुकतीच नाहून अंगणात केस वाळवत उभी होते. चष्मा आत खिडकीत होता. बैलबंडीची घुंगरं वाजली. रात्रभर कळा सोसून ती पिवळी पडली तेव्हा नवरा घाबरला आणि तिला जबरदस्तीनं घेऊन आला होता. मला नुसता एक धूसर आकार दिसत होता. पण तिला मी चांगलीच दिसले. मोकळे केस, बिनचष्म्याचं तोंड, कुठेतरी भलतीकडेच पाहणारी नजर.

"हेच ते फूलवाली," ती नवऱ्याला म्हणाली. "मले परत ने."

तिनं बंडीचं लाकूड दोन्ही हातांनी धरलं. मी हाका मारल्या, पण ती तोंड फिरवून कण्हत राहिली. नवरा ओढत होता, ती सोडत नव्हती. मी आत पळाले. खिडकीत चाचपडताना एक बाटली फोडली. चष्मा चढवला, ओल्या केसांची गाठ मारली, साडी खोचली आणि बाहेर आले.

तिनं पाहिलं. लाकडावरची बोटं सुटली.

"कुठी होतीस इतके दिवस?" म्हणाली, आणि माझ्या गळ्यात पडून रडायला लागली.

मी तिला धरून आत नेलं. दुपारी बाळ रडलं, चांगलं खणखणीत रडलं. हात धुतले, स्टूल घेतलं आणि फोटो उतरवला.