वेबसाइटची तीट

घरी बसून वेबसाइट बनवणाऱ्यांना कोणकोणती साधनं लागतात, हे सांगणारे लेख इंटरनेटवर पोत्यानं सापडतात. सुरुवातीला मी ते सगळे भक्तिभावानं वाचले. रंग जुळवून देणारं साधन, फुकट फॉन्ट, फुकट फोटो, आणि आपण किती वेळ काम केलं ते मोजणारं घड्याळ. ते घड्याळ मी लवकरच काढून टाकलं, कारण कुरिअरवाला, गॅसवाला आणि शेजारच्या काकूंची वाटीभर साखर हे सगळं ते कामाच्या वेळेत धरायचं. फुकट फोटोंत नवरी शोधायला जावं तर पांढऱ्या झग्यातली गोरी बाई हजर होते. मुंडावळ्या बांधलेली मुलगी शोधायला बसलं तर संध्याकाळ होते. आणि मजकुराच्या जागी तात्पुरती लॅटिन वाक्यं भरतात, ती बघून एका गिऱ्हाइकानं मला गंभीरपणे विचारलेलं, "मॅडम, हे स्पॅनिशमध्ये कशाला? आपला धंदा कल्याणपर्यंतच आहे."

माझं सगळ्यात उपयोगी साधन मात्र या लेखांत कुठेच नाही. ते मला सासूबाईंनी दिलं. आमच्या डोंबिवलीच्या घरात माझा नवा लॅपटॉप आला, तेव्हा त्यांनी त्याला हळदकुंकू वाहिलं आणि झाकणाच्या कोपऱ्यात काजळाचं बोट टेकवलं. मी वैतागून पुसायला गेले तर म्हणाल्या, "राहू दे गं. बघणाऱ्याची नजर आधी तिटेवर जाते, म्हणून बाळ वाचतं." मी हसले. पण त्या बोलल्या ते डोक्यात राहिलं.

कारण माझी बाळं वाचत नव्हती. प्रत्येक गिऱ्हाईक माझ्या कामात काहीतरी घालायचंच. सीए साहेबांनी मुखपृष्ठावर नातवाचा फोटो बसवला. रक्त तपासणाऱ्या लॅबवाल्यांनी 'सुस्वागतम्' अशी उघडझाप करणारी पट्टी लावून घेतली. या लोकांचा स्वभाव वाईट नसतो. पण काम समोर आलं आणि आपण काहीच बोललो नाही, तर आपण गिऱ्हाईक कसले, असं त्यांना वाटत असावं.

मग एका दंतवैद्यांच्या वेळी मी पहिल्यांदा तीट लावली. सगळं मनासारखं केलं आणि वर एका दाताला चमचमती सोनेरी चौकट ठोकली. डॉक्टरांनी पडद्यावर पेन आपटलं. "हे काढा." मी थोडी हळहळले. हळहळावं लागतं, नाहीतर संशय येतो. मग जड अंतःकरणानं चौकट पुसली. डॉक्टर खूश, आणि बाकीच्या पानाला त्यांचा हातसुद्धा लागला नाही. त्यानंतर मी तिटेशिवाय एकही काम दाखवलं नाही. कुठे जांभळी रिबीन, कुठे हात जोडलेला हत्ती. सगळ्यांनी इमानेइतबारे काढायला लावलं.

असं सुरळीत चाललेलं असताना घोडबंदर रोडच्या एका डिझाइन ऑफिसातून फोन आला. त्या बाईंना घरून वर्षभर काम करणारं माणूस हवं होतं. "स्क्रीनशॉट नकोत," त्या म्हणाल्या, "लोक खरंच वापरतायत अशी एक वेबसाइट दाखवा, नवी कोरी." घरात तर बोली झाली होती की असं कायमचं काम मिळालं नाही तर जूनपासून मी कल्याणला एका क्लासात मुलांना कॉम्प्युटर शिकवायला जायचं. नवऱ्यानं ओळख काढून ती नोकरी ठरवूनसुद्धा ठेवली होती. मला ती नको होती. मला माझी खिडकी, माझं टेबल आणि माझं काम हवं होतं, आणि त्यासाठी हाती नवी कोरी अशी होती फक्त एक वेबसाइट: शीळफाट्याजवळच्या एका मंगल कार्यालयाची.

कार्यालयाच्या मालकांना सगळे दादा म्हणत. स्वतःच्या शेतावर त्यांनी हॉल बांधलेला. गळ्यात साखळी, बोलणं मोकळंढाकळं. मंगल कार्यालय म्हटल्यावर धोका मोठा. सनई वाजणार, अक्षता पडणार, हार घातलेले आजोबा येणार. म्हणून मी तीटही तशीच जबरदस्त शोधली. फुकटातले दोन मोर, पिसारे लुकलुकताहेत, आणि पान उघडलं की दोघं नाचत मधोमध येतात. इतकं भयंकर काम मी आयुष्यात केलं नव्हतं. रिक्षात बसून जाताना मला स्वतःचंच कौतुक वाटत होतं.

दादांनी फोनवर पान उघडलं. मोर नाचत आले. दादांनी पान मिटून पुन्हा उघडलं.

"आवडलं नसेल तर काढते हं लगेच," मी हळहळायची तयारी करून म्हणाले.

"मॅडम," दादांनी मान वर केली, "तुम्हाला मोराचं कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. का?"

"अहो, इथं यायचा ना मोर. हा हॉल आहे ना, इथंच आमचं खळं होतं. आई दाणे टाकायची. बांधकाम काढलं आणि मग आलाच नाय परत." मग त्यांनी आत हाक मारली, "आये, बघ कोन आलाय!"

म्हातारी बाहेर आली, फोन अगदी डोळ्यांजवळ धरला आणि बघत राहिली. "यो आपलाच हाय," ती म्हणाली.

मला लाज वाटली. जी गोष्ट मी हसू यावं म्हणून, काढून टाकण्यासाठी लावली होती, ती बघून ती बाई हसत होती आणि डोळेही पुसत होती. त्या पाठोपाठ भीतीही वाटली, कारण हे नाचरे मोर आता इथून हलणार नव्हते, आणि घोडबंदरच्या बाईंनी ते पाहिले की मी थेट कल्याणच्या क्लासात खडू घेऊन उभी राहणार होते.

पण हार मानणं माझ्या स्वभावात नाही. मी म्हातारीशेजारी बसले. "आजी, तुमच्या खळ्यात मोर नाचायचा का हो?"

"नाचतोय कशाला? त्याला काय कामधंदा नाय?" म्हातारी म्हणाली. "दाने टिपायचा. एकटाच यायचा. उगा कोंबरी गेली जवल तर मान वर करायचा."

"मग लुकलुकायचा?"

"मोर हाय का मंडपाची लाईट?"

दादांचा चेहरा पडला. त्यांना नाच आवडला होता. पण आईपुढे त्यांचं काही चालेना. मी तो एकटा, दाणे टिपणारा मोर स्वतः काढायचं कबूल केलं. म्हातारीनं मला दोनदा परत पाठवलं. एकदा तुरा चुकला म्हणून, आणि एकदा मानेचा रंग फिका झाला म्हणून. "मान अशी निली पायजे, का बघनारा थांबला पायजे." मी इतकं मन लावून कधीच काही काढलं नव्हतं. मोर पानाच्या खालच्या कडेला, दाण्यांशी उभा राहिला. गंमत म्हणजे दादांनी दुसरं काही म्हणजे काहीच घालायला सांगितलं नाही. सनई नाही, अक्षता नाहीत. माझं हे बाळही धडधाकट जगात आलं.

मी लिंक घोडबंदरला पाठवली. दोन दिवस प्रत्येक फोनला धावत होते, आणि नेमका बाईंचा आला तेव्हा भेंडी चिरत होते.

"काम आवडलं मला," बाई म्हणाल्या. "अगदी स्वच्छ. कुठे गर्दी नाही. फक्त एक. आमच्याकडे काम करायचं तर तो खालचा मोर काढून टाका ना."

तीट लागू पडली होती! नेहमीसारखं बोट ठेवायला ठिकाण मिळालं होतं आणि बाकीचं पान वाचलं होतं. आता फक्त थोडं हळहळायचं आणि पुसायचं. इतकी वर्षं मी हेच करत आले होते, आणि आज तर बदल्यात वर्षभराचं काम मिळणार होतं.

"मोर नाही काढता येणार," मी म्हणाले. माझाच आवाज मला परका वाटला.

"का?"

"तो तिथलाच आहे."

माझ्या डोळ्यांपुढे क्लासातला फळा, बाकं, सगळं येऊन गेलं. पण शब्द मागे घ्यावेसे वाटले नाहीत.

"बरं, राहू दे," बाई शेवटी म्हणाल्या. "पण त्याची मान फारच निळी झाली आहे हो. डोळ्यांत येते. तेवढा रंग उतरवा आणि परत पाठवा, मग ठरवू."

"पाठवते," मी म्हणाले.

लॅपटॉप उघडला. मानेकडे बघत बसले. मग तो तसाच मिटला, भेंडी परतली, सासूबाईंना वाढलं, मी जेवले. दुपारी कशालाही बोट न लावता तीच लिंक पुन्हा पाठवली आणि खाली लिहिलं, "केलंय. बघा बरं आता."

थोड्या वेळानं उत्तर आलं.

"आता कसं! किती शांत वाटतोय निळा. सोमवारपासून सुरू करू या."