सहाव्या सिलिंडरचे बोल्ट

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल — किंवा कारण तेही नसेल.

आधी एक सांगून ठेवतो: मी चांगला मेकॅनिक आहे. बारामतीत इंदापूर रस्त्याला माझं गॅरेज आहे, आणि जुन्या पेट्रोल इंजिनांचं म्हणाल तर या दोन तालुक्यांत माझा हात धरणारा कुणी नाही. कोऱ्हाळे बुद्रुकच्या तात्यांची वडिलोपार्जित गाडी मीच सांभाळायचो. एका ओळीत सहा सिलिंडर. काय इंजिन होतं! एकाचा धक्का दुसरा तिथल्या तिथे मिटवायचा, त्यामुळे चालू आहे की बंद, हे बॉनेटवर हात ठेवून बघावं लागे. टॉप गिअरमध्ये माणसाच्या चालीनं चालवा, हिसका नाही. म्हणूनच आसपासच्या गावांतल्या वराती त्या गाडीतून निघायच्या, आणि चालवायचे स्वतः तात्या. फेटा बांधून, हौसेनं.

पण त्याची लांबी हेच त्याचं दुखणं. सहाही सिलिंडरवर मिळून एकच लांब हेड, म्हणजे वरचं झाकण. सहावा सिलिंडर पार मागे — थंड करायला येणारं पाणी त्याच्यापर्यंत पोचेस्तोवर तापलेलं असतं. त्यात वरातीत गाडी बँडमागे तासभर सरकत राहणार, वारा कुठला लागायला? अशा हेडचे बोल्ट मधून सुरू करून दोन्ही टोकांकडे आवळत जायचे, टॉर्क रेंचनं जोर मोजून. मग इंजिन तापवायचं, पूर्ण थंड होऊ द्यायचं, आणि सगळे बोल्ट पुन्हा आवळायचे. हे मला झोपेतही पाठ आहे.

मग त्या दिवशी काय झालं? काहीच नाही — हेच तर. हेडखाली पाणी अडवणारं नवीन गॅस्केट टाकलं, हेड बसवलं. दुसऱ्या दिवशी पिंपळीत वरात होती. रेंच कपाटात होता. मी साध्या पान्यानं आवळलं. माझ्या मनगटाला माप कळतं, असं मी चारचौघांत सांगायचो ना! दुसऱ्यांदा आवळायचं तर इंजिन थंड होण्यात दुपार गेली असती. मी गाडी देऊन टाकली.

पिंपळीत ऐन चौकात गाडीनं पांढरा धूर सोडला आणि बंद पडली. नवरदेवाला उतरवून मोटारसायकलवर बसवलं. लोक हसले. मी पोचलो तेव्हा रेडिएटर कोरडा होता. पाणी फुटलेल्या गॅस्केटमधून गेलंय, हे मला बघताक्षणी कळलं. तात्या समोर उभे होते, फेटा काढून हातात घेतलेला. आणि मी — सगळ्यांदेखत — म्हणालो, "तात्या, तुमी पाणी बघितलंच न्हाय."

ते गोंधळले. "सकाळी भरल्यागत वाटतंय… पर वय झालं बाबा. राहिलं आसंल."

गॅरेजमध्ये हेड खोललं. मागचे बोल्ट पाना लावताच सुटत गेले, जोर म्हणून लावावा लागला नाही. त्याच वेळी उठून कोऱ्हाळ्याला जायला हवं होतं की नाही? मी नवं गॅस्केट आणलं, या वेळी सगळं मोजून आवळलं, आणि गप्प बसलो.

तात्यांनी किल्ली मुलाकडे दिली, ती कायमची. पुढे त्यांचा स्वतःवरचा विश्वासच उडाला. विहिरीवरची मोटार बंद केली का, गोळी घेतली का — सुनेला दोन-दोनदा विचारायचे. घरचे म्हणायचे, त्या वरातीपासून तात्या विसरायला लागले. ते काहीही विसरले नव्हते. तसं त्यांना मी वाटायला लावलं होतं, आणि त्याची मला लाज वाटते.

शेवटच्या आजारात भेटायला गेलो. खोलीत आम्ही दोघंच. त्यांनी माझा हात धरला. म्हणाले, "माझ्यापायी तुझ्या कामाला बट्टा लागला. माफ कर मला."

आणि मी त्यांना माफ केलं. तोंडानं, स्पष्ट म्हणालो — "केलं माफ, तात्या."