भिजवलेली हलगी

चावडीच्या पायरीखाली उभा होतो. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. मुळशीतल्या आमच्या महारवाड्यातला पहिला बी.ए. पाटील वर घोंगडीवर बसलेले.

"लई शिकलास म्हनं. मंग बापाची हलगी घे आन् शुद्ध भाषेत दवंडी दे. पोरं भरती व्हायला पायजेत. देशाचं काम हाय."

चावडी हसली.

चीनशी लढाई लागली होती. दवंडीसारखी गावकीची कामं सोडायची, असं आमच्या वाड्यानं ठरवून काही वर्षं झाली होती. बापानं हलगी खुंटीला टांगली ती टांगलीच. ती मी काढली. मला कुणी मारलं नाही, धमकावलं नाही. नुसतं देशाचं काम म्हटलं आणि मी भुललो.

पाचटाच्या जाळावर कातडं शेकलं. शेकल्याशिवाय हलगी वाजत नाही. मग "मातृभूमीने हाक दिली आहे" असलं पुस्तकी ओरडत गावभर फिरलो. पाटील म्हणाले, "वा रे पठ्ठ्या!"

ती शाबासकी मला गोड लागली. हे लिहितानाही मान वर होत नाही.

बाप एवढंच बोलला, "शिकलास, आन् टांगलेली काढलीस."

पाटलांचा मुलगा पुण्यात कॉलेजात होता. तो तिथंच राहिला. भरतीला गेला आमचा किसन, माझा मावसभाऊ. मावशी अडवत होती. तिला म्हणाला, "दादा शिकल्याला हाय. त्यो खोटं कशाला बोलंल?"

तीन वर्षांनी पाकिस्तानशी लढाई लागली आणि किसन मारला गेल्याची तार आली. इंग्रजीतली. वाड्यात ती वाचणारा मी एकटाच.

मावशी रडली नाही. माझ्याकडं बघत म्हणाली, "दवंडी बी तूच दिलीस. तार बी तूच वाचलीस."

आठवडा झाला नसेल, पाटलांचं बोलावणं. तीच पायरी.

"भरतीची गाडी यायचीय. हलगी शेकून आण. दवंडीत किसनचं नाव घे. पोरं पेटत्याल."

मी घरी आलो. हलगी काढली, ओढ्यावर नेली आणि पाण्यात बुडवली. कातडं ढिलं पडेपर्यंत धरून ठेवली. मग दारोदार फिरलो. प्रत्येक उंबऱ्यावर एकच सांगितलं, "मागच्या टायमाला मी खोटं बोललो. आपली पोरं द्यायची न्हाईत. गाडीम्होरं बसायचं. कुणावर हात उचलायचा न्हाई."

काहींनी दार लावून घेतलं. त्यांचं चुकलं नाही.

गाडी आली त्या दिवशी मी चावडीची पायरी चढलो. पुन्हा भिजवलेली हलगी पाटलांच्या घोंगडीवर ठेवली.

"आता वाजवा तुमी."

पाटील ताडकन उठले. "फितूर! माजलास व्हय रं?"

खाली येऊन गाडीपुढं बसलो. वाडा बसला. बाप बसला. शिव्या पडल्या, शेण पडलं. एकही हात उठला नाही. वाड्यातलं एकही पोर गाडीत चढलं नाही.

मावशी सगळ्यांच्या पुढं बसली होती. माझ्याकडं पाठ करून. अजून बोलत नाही ती माझ्याशी. बोलावं, असं मी म्हणणारही नाही.

हलगी मी परत आणली. वाळून तिचं कातडं वाकडं झालंय. पुन्हा लढाई लागेल, पुन्हा बोलावणं येईल. मी जाईन, पायरी चढूनच जाईन. पण दुसऱ्याच्या पोराला मरायला बोलवायला हे तोंड पुन्हा उघडणार नाही. आणि गाडी आली, की तिच्यापुढं पहिला मी बसेन.