समोरच्याचं वाक्य पुरं करणारा

ऑस्ट्रेलियातल्या टूवूंबाच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये माझ्या शेजारी बसणारा तो पुणेकर कुणाचं वाक्य पुरं होऊ द्यायचा नाही. मी तिथल्यासारखं दुपारला आर्व्हो म्हणत "आज आर्व्होला जरा..." म्हणालो, की "बॅकअपची टेप बदलायची ना? बदलतो, नो वरीज!" राग यायचा, पण बहुतेक वेळा त्याचं बरोबरच असायचं.

हीच खोड त्याने आमच्या डेटाबेसलाही लावली. टेबलच्या नावाची तीन अक्षरं टाइप करून टॅब दाबला, की उरलेलं नाव आपोआप यायचं. सारख्या सुरुवातीची दोन नावं असली, तर प्रोग्राम अंदाजाने त्यातलं एक भरायचा.

एका सकाळी जुनं टेबल पुसायला मी तीन अक्षरं, टॅब आणि एंटर दाबलं. पुसलं गेलं ते चालू पेशंटच्या रिपोर्टांचं. टेपवर कालपर्यंतचं होतं. सकाळचं सगळं गेलं. तो मागेच उभा होता.

"अरे, मी... मी..."

"टॅबने घोळ केला," असं म्हणून तो मला सोडवेल, म्हणून मी थांबलो. तो नुसता माझ्याकडे बघत राहिला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

शेवटी मलाच म्हणावं लागलं, "न बघता एंटर मारलं रे."

"हं," तो म्हणाला. "आणि तो अंदाज माझा होता."