शेजारची शेड

अन्नपूर्णा भागात आमच्या शेजारी राहणारे हे गृहस्थ सकाळी मुठीत शेव घेऊन फाटकात उभे राहतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सल्ला देतात. शेव संपते, सल्ला संपत नाही.

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला, आणि गाडी घेणाराही मीच पहिला. तिच्यासाठी अंगणात पत्र्याची शेड टाकायची म्हणून मी नकाशा काढून घेतला आणि निगममध्ये, म्हणजे महापालिकेत, अर्ज दिला. हे पोट धरून हसले. "चार पत्र्यांना परमिशन? भिया, इतकं पढ-लिखकर हेच केलं का?"

माझ्या चकरा चालू होत्या तोवर त्यांच्या गाडीची शेड उभीही राहिली, अर्धी रस्त्यावर. रोज मला विचारायचे, "क्या हुआ, ग्रॅज्युएट साहेब? आली का?"

शेवटी परमिशन आली, माझी शेडही झाली. मग एक दिवस निगमची गाडी त्यांची शेड पाडायला आली. त्यांनी सरळ माझ्या शेडकडे बोट दाखवलं. "परमिशन आहे ना आमची! एकच घर समजा, भाईच आहे आपला."

निगमच्या साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. हो म्हटलं असतं तर दोन्ही शेड एकच धरून माझीही गेली असती. मी म्हटलं, "परमिशन फक्त माझ्या शेडची आहे."

तासाभरात त्यांचे पत्रे उतरले.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून आलो, तर माझ्या शेडखाली त्यांची गाडी. हे फाटकातच होते. शेवेची मूठ माझ्यापुढे करत म्हणाले, "गलती तुमचीच आहे, भिया. निगममध्ये जातच होतात, तर दोन गाड्यांची परमिशन काढायची ना! एवढं शिकून काय फायदा?"